खायचं अर्गान, लावायचं अर्गान

"तिला नको विचारूस. तिला नाही आवडत कुणी डोक्याला हात लावलेला."

काकूंचा आवाज वरून आला. मी ड्रायरमधून काढलेले टॉवेल घडी करून वर द्यायला निघाले होते आणि बेसमेंटच्या जिन्यात मधेच थांबले. दार अर्धवट उघडं होतं. फटीतून काकूंचे लोकरी मोजे दिसत होते आणि त्यांच्या गुडघ्यांच्या मधे जमिनीवर बसलेली त्यांची मुलगी. खाली जुना टॉवेल, शेजारी तेलाची वाटी. रविवारची सकाळ होती.

"बट आई, यू नेव्हर ईव्हन आस्क ताई. इट्स सो रूड," मुलगी म्हणाली. ती आठवीत होती, जन्मापासून ओहायोतली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

"विचारलं होतं. नको म्हणाली. माणसाने एकदा नको म्हटलं की नको. मान सरळ ठेव."

मी टॉवेल घेऊन आवाज न करता परत खाली गेले.

काकूंनी काही वाईट म्हटलं नव्हतं. उलट माझी बाजूच घेतली होती. पण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे माहीत असलेली त्या घरात मी एकटीच होते.

ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे राहायला आले. माझं शिक्षण संपून कोलंबसमधल्या एका विमा कंपनीत पहिली नोकरी लागली होती, आणि आईच्या ओळखीतून कोलंबसला लागूनच असलेल्या डब्लिन गावातल्या या टाउनहाउसचं बेसमेंट मिळालं. काका-काकू मूळचे सोलापूरचे. पहिल्याच रविवारी काकू म्हणाल्या, "येतेस का? तुझ्याही डोक्याला लावते."

मी म्हटलं, "नको काकू, राहू दे."

आमच्या घरी याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. पहिलं नको हे रीत म्हणून असतं. मग समोरचा म्हणतो, "अगं ये, लाजतेस काय?" आपण म्हणायचं, "नाही, खरंच नको." मग तो म्हणतो, "गप बस इथे," आणि आपण बसायचं. पुरणपोळीपासून पाहुण्यांच्या मुक्कामापर्यंत सगळं याच रीतीने चालतं. पण काकूंना अमेरिकेत येऊन वीस वर्षं होऊन गेली होती. त्या "ओके" म्हणाल्या आणि मुलीच्या केसांत भांग पाडायला लागल्या. मी दुसऱ्या नकोची तयारी करून तिथे उभीच होते.

त्यानंतर त्यांनी परत विचारलं नाही. इथे राहून त्या दुसऱ्याचा नकार ऐकायला शिकल्या होत्या, आणि ही खरं तर चांगलीच गोष्ट आहे. ऑफिसात मला ती फार आवडते. रविवारी सकाळी आवडत नव्हती.

मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले. तिथे तेल लावून येणाऱ्या मुलींना चंपू म्हणत. त्यामुळे आई शनिवारी रात्री तेल लावायची आणि रविवारी दोनदा शाम्पू करून सोमवारपर्यंत सगळा पुरावा नाहीसा करायची. शनिवारची ती अर्धी घटका मला आठवड्यात सगळ्यात जास्त आवडायची. बांगड्या कानाजवळ वाजायच्या, तेल कोमट असायचं. मी कमी बोलणारी मुलगी. कुणी माझ्याकडे बघत असलं की मला शब्द सापडत नाहीत. पण आईकडे पाठ करून बसलं आणि तिचे हात केसांत असले की मी शाळेतलं सगळं सांगून टाकायचे. कोण रुसलं, कोण रडलं, मला कशाची भीती वाटली. आई फक्त "हं" म्हणायची.

अमेरिकेत आल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. थंडी सुरू झाली तशी हीटरच्या कोरड्या हवेने केस झाडूच्या काड्यांसारखे झाले. हातांना बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्या. मी दुकानातून अर्गान ऑइल असं मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलेला शाम्पू आणला. घरी येऊन बाटलीमागची यादी वाचली, तर अर्गान शेवटून तिसरं, सुगंधाच्या शेजारी. विमा कंपनीत बारीक अक्षरं वाचायची सवय लागते, त्याचा हा तोटा.

अर्गान म्हणजे नक्की काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझी समजूत होती की ते एखाद्या रसायनाचं नाव असावं.

ते झाडाचं नाव आहे, हे मला शेजारच्या मावशींनी सांगितलं.

मावशी म्हणजे मोरोक्कोच्या. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एक तरुण मोरोक्कन जोडपं राहायचं. त्यांना बाळ झालं म्हणून त्यातल्या मुलीची आई ऑक्टोबरात आली. साठीच्या आसपासची, ठेंगणी, गाल लाल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. गावातल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिला इंग्रजी येत नव्हतं. काकूंना त्याने काही फरक पडला नाही. त्या मागच्या डेकवरून तिच्याशी सरळ मराठीत बोलायच्या, आणि एखादी गोष्ट फार महत्त्वाची असली तर हिंदीत. ती तिच्या भाषेत उत्तर द्यायची. दिवाळीत इकडून चकल्या गेल्या, तिकडून तीळ लावलेली जाड रोटी आली. मला बघितलं की ती "बेंती, बेंती" अशी हाक मारायची. काकूंना खात्री होती की ती बेटी म्हणतेय, आणि अर्थही तोच निघाला.

एका शनिवारी काकू जिन्यातून ओरडल्या, "अगं, तू कॉलेजात फ्रेंच घेतलं होतंस ना? वर ये. आज त्यांना चहाला बोलावलंय."

अकरावी-बारावीत मी फ्रेंच घेतलं होतं, पुण्यात सगळे घेतात त्याच कारणासाठी: मार्क चांगले मिळतात म्हणून. त्या फ्रेंचमध्ये मला ल्यों शहराचं तिकीट मागता येत होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचं वर्णन करता येत होतं. मोरोक्कोत शाळेत फ्रेंच शिकवतात, तेव्हा मावशींचं फ्रेंच पक्कं होतं. मी दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी सुटका नव्हती. तासभर मी त्या दोघींच्या मधे सोफ्यावर बसून होते आणि दोन्हीकडून वाक्यं माझ्या अंगावर येत होती.

मावशींनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. लेबल कुठलंच नाही. एका बाटलीतलं तेल फिकट सोनेरी, दुसरीतलं गडद, विटकरीकडे झुकणारं.

"अर्गान," त्या म्हणाल्या.

"ते शाम्पूतलं?" काकूंची मुलगी फोनमधून डोकं वर काढून म्हणाली. एवढं एक वाक्य मराठीत आलं, म्हणून काकू तिच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या.

मग मावशींनी सांगितलं आणि मी अडखळत मराठीत आणलं. मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला, अगादीर शहराच्या आसपास, डोंगर आणि समुद्र यांच्या मधे कोरडा मुलूख आहे. तिथे हे झाड आपोआप उगवतं, आणि जगात दुसरीकडे असं जवळजवळ कुठेच नाही. बुटकं, वेडंवाकडं, काट्यांचं. पाऊस नसला तरी तग धरतं, कारण मुळं खूप खोल जातात. त्या मुळांनीच माती धरून ठेवली आहे, नाहीतर वाळवंट केव्हाच पुढे सरकलं असतं.

"बाभळीसारखं म्हणायचं," काकू म्हणाल्या. "सांग त्यांना, आमच्या सोलापुरात पण असंच सगळं काटेरी."

बाभळीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी "तुमच्यासारखाच मुलूख, काटे खूप," असं सांगितलं. मावशींनी काकूंचा हात दाबला.

फळ छोट्या लिंबाएवढं, आधी हिरवं, मग पिवळं. पिकून खाली पडलं की बायका गोळा करतात, वाळवतात. वरचा गर जनावरांना जातो. आत एक बी निघते, तिचं कवच इतकं टणक की दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडावं लागतं. त्यातून बदामासारखे एक-दोन दाणे मिळतात. मग ते दाणे दगडी जात्यात दळायचे. मावशींनी हवेत हात गोल फिरवून दाखवला.

"अगं, हे तर आपलं जातंच!" काकू म्हणाल्या आणि त्यांनीही हात फिरवला. दोघी समोरासमोर बसून रिकाम्या हवेत दळत होत्या.

दळल्यावर घट्ट गोळा होतो. त्यावर थोडं थोडं कोमट पाणी शिंपडत तो हाताने मळत राहायचं, कणकेसारखा, बराच वेळ. मग तेल आपणहून सुटायला लागतं. उरलेली पेंड गुरांना, कवचं चुलीला. मावशींची आई हे सगळं घरी करायची. आता गावागावांत बायकांच्या सहकारी संस्था आहेत, बऱ्याच ठिकाणी तेल यंत्रावर काढतात, पण कवच फोडायला अजून हातच लागतात. त्या स्वतः आता संस्थेतूनच विकत आणतात. "मी शिक्षिका," त्या म्हणाल्या. "खडू धरणाऱ्या हातांना ते दगड जमत नाहीत. आईने मला एकदाच बसवलं, मी बीऐवजी अंगठा फोडला."

"आणि शेळ्या?" मुलीने फोन पुढे केला. तिने तेवढ्यात शोधून काढलं होतं. पडद्यावर एका झाडाच्या फांद्यांवर दहा-बारा शेळ्या पक्ष्यांसारख्या उभ्या होत्या. "इज धिस रिअल?"

खरं होतं. फळं खायला शेळ्या झाडावर चढतात. पूर्वी त्यांनी गर खाऊन टाकलेल्या बियासुद्धा लोक वेचायचे.

काकूंनी बाटली जरा लांब सरकवली. "म्हणजे शेळीच्या तोंडातल्या?"

मी हे भाषांतरित करू नये असं मला वाटत होतं, पण चेहऱ्याला भाषांतर लागत नाही. मावशी हसत सुटल्या. हे तेल तसलं नाही, त्या म्हणाल्या. तसल्या तेलाला बोकडाचा वास येतो, कुणी फसवू शकत नाही.

मग दोन बाटल्या का, ते सांगितलं. गडद तेल खायचं. त्याचे दाणे दळण्याआधी भाजतात, म्हणून रंग आणि खमंग वास. फिकट तेल लावायचं. त्याचे दाणे कच्चे, वास जवळजवळ नाही. लावायचं तेल उन्हात ठेवायचं नाही, तापवायचं नाही, काही थेंब पुरतात.

"केस वाढतात का याने?" काकूंनी विचारलं. काका बाहेर गेले होते, पण प्रश्न त्यांच्या वतीने असावा.

"नाही," मावशी म्हणाल्या. टक्कल असेल तर टक्कलच राहतं, फक्त चमकतं. हे तेल केसांवर एक पातळ थर धरतं, म्हणून कोरडे केस मऊ होतात आणि विंचरताना कमी तुटतात. कातडीतला ओलावा टिकतो. त्यात ई जीवनसत्त्व भरपूर असतं, हे त्यांनी शाळेतल्या बाईंसारखं बोट वर करून सांगितलं. मग त्यांनी रुमाल सोडला. खोलीत आम्ही बायकाच होतो. आतून मेंदीने रंगलेली लांब वेणी बाहेर पडली.

"अगंबाई, मेंदी!" काकू ओरडल्या. याला भाषांतर लागलं नाही.

आणि त्याच वेळी मावशींनी माझा हात हातात घेतला. विचारलं नाही. भेगा पडलेल्या सांध्यांकडे बघून तोंडाने चुक् चुक् केलं, तळहातावर फिकट तेलाचे दोन-तीन थेंब घेतले आणि माझी बोटं एकेक करून चोळायला लागल्या. भेगांना आधी थोडं झोंबलं. मग हात असा सैल पडला, जणू तो माझा नव्हताच.

मी हात काढून घेतला नाही. काकूंनी ते पाहिलं. चहाचे कप गोळा करताना त्यांच्या हातून नेहमीपेक्षा जरा जास्त आवाज झाला.

त्या रात्री खाली झोपताना मला कळलं की आता गोष्ट अवघड झाली आहे. आधी काकूंना वाटत होतं की मला कुणाचाच हात नको असतो. आता वाटणार की फक्त त्यांचा नको. मला जे हवं होतं ते इतकं लहान होतं की ते मागणंसुद्धा हास्यास्पद वाटावं: रविवारी त्या जुन्या टॉवेलवर बसायची जागा. कुणीतरी परत विचारलं असतं तर मी धावत गेले असते. पण आता कुणी विचारणार नव्हतं, आणि मी आयुष्यात कधी काही आपणहून मागितलेलं नव्हतं. शाळेत मी पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा शेजारणीला विचारायला लावायचे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी खालीच बसून राहिले. दहाच्या सुमाराला वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास यायला लागला. मला वाटलं काका जिंकले. ते कित्येक दिवस शेंगाचटणीसाठी काकूंच्या मागे लागले होते. मग वासाला करपट कड आली आणि घरभर स्मोक अलार्म किंचाळायला लागला.

मी धावत वर गेले.

स्वयंपाकघरात निळसर धूर होता. काका खुर्चीवर चढून ताटाखालच्या मॅटने अलार्मला वारा घालत होते. मुलगी जमिनीवरच्या टॉवेलवर कानांवर हात ठेवून बसली होती, आणि तिचे केस आधीच्या पळीतल्या तेलाने चपचपले होते. काकू गॅससमोर लोखंडी पळी घेऊन उभ्या. पळीत गडद तेल, त्यात मेथीदाणे आणि कढीपत्ता तडतडत होता. कढीपत्ता म्हणजे खिडकीतल्या कुंडीतला, ज्याची पानं काकू सणावारालाच तोडतात.

अलार्म थांबला. काका खुर्चीवरूनच म्हणाले, "चटणीच करतेयस ना? खरं सांग."

"डोक्याचं तेल आहे हो!"

"मग मला भूक का लागली?"

"तुम्हाला काय, हॉस्पिटलातसुद्धा भूक लागते." काकू माझ्याकडे वळल्या. "अगं, कच्चं तेल कसं लावायचं डोक्याला, या थंडीत? सर्दी होईल पोरीला. म्हटलं, मेथी-कढीपत्ता घालून जरा कढवून घ्यावं, आपण खोबरेल घेतो तसं. आणि हे गडदवालं घेतलं, जास्त अस्सल म्हणून."

मी काल हे सगळं स्वतःच्या तोंडाने मराठीत सांगितलं होतं: तापवायचं नाही, गडद ते खायचं. काकूंनी मान हलवून ऐकलंही होतं. पण काकूंच्या डोक्यात तेलाबद्दलचे नियम फार आधीपासून बसलेले होते, आणि गडद ते अस्सल हा त्यांतला पहिला होता, मधापासून गुळापर्यंत.

मी तोंड उघडेपर्यंत मागच्या दारावर थाप पडली. शेजारच्या मावशी. अलार्म ऐकून बाळाला खांद्यावर टाकून तशाच आल्या होत्या. त्यांनी आधी आम्हा सगळ्यांना मोजल्यासारखं बघितलं. मग नाक वर करून वास घेतला, पळीत डोकावल्या, गडद बाटली उचलून बघितली. शेवटी त्या मुलीजवळ गेल्या, वाकल्या आणि तिच्या डोक्याचा वास घेतला.

त्या हसायला लागल्या ते थांबेचनात. बाळ माझ्या हातात दिलं, सिंकचा काठ धरला आणि हसताहसता मला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" काकूंनी घाबरून विचारलं.

मला सांगावंच लागलं. "विचारतायत, हिच्या डोक्यावर मीठ घालायचं राहिलं का?"

"व्हॉट?" मुलगी म्हणाली.

"ते खायचं तेल आहे."

"यू पुट फूड ऑन माय हेड?"

"मग काय झालं?" काकू म्हणाल्या. त्या हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. "खोबरं काय अन्न नाही?"

"आई, मला दुपारी रिहर्सल आहे! हाफ माय ऑर्केस्ट्रा हॅज नट अ‍ॅलर्जीज!"

"मग लांब बस. व्हायोलिन कुणी नाकाने ऐकत नाही."

काका एव्हाना खुर्चीवरून उतरले होते. त्यांनी कुणालाही न विचारता डब्यातली कालची ज्वारीची भाकरी काढली, पळीतलं तेल बशीत ओतलं, वर मीठ टाकलं आणि एक तुकडा बुडवून खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. काकांनी डोळे मिटले.

"सोलापूर," ते म्हणाले. "जवळजवळ सोलापूरच."

मग सगळेच खायला लागले. कढीपत्ता कुरकुरीत झाला होता, मेथी जरा कडू. तेल खमंग, शेंगदाणा आणि तीळ यांच्या मधलं काहीतरी, मागे भाजल्याचा धूर. मावशी म्हणाल्या, त्यांच्याकडे सकाळी रोटीबरोबर असंच तेल असतं, आणि बदाम, मध घालून वाटलेलं पण असतं, पण मेथी कुणाला सुचली नव्हती. हे त्या गावी गेल्यावर करून बघणार. काकूंनी लगेच मान ताठ केली, जणू मुळातला बेत हाच होता. मुलगी आधी रुसली, मग तेलकट केसांनीच येऊन बसली आणि सगळ्यांत जास्त तिनेच खाल्लं.

मग तिला बाथरूममध्ये पिटाळलं. दोनदा शाम्पू करून ती आली, तरी वास घेतला की अंधुक चटणी येतच होती. मावशींनी फिकट बाटली उघडली आणि काकूंना शिस्तीत धडा दिला. चार थेंब तळहातावर. हात एकमेकांवर घासायचे, त्यांचीच ऊब पुरे. ओलसर केसांना, टोकांकडून वर. मग गॅसकडे बोट दाखवून त्यांनी ते बोट जोरजोरात नाही म्हणत हलवलं.

"एवढंसं?" काकू पुटपुटल्या. "याने काय होतंय?" पण त्यांनी केलं. मुलीच्या केसांवर हळूहळू एक मंद चकाकी आली, ओली नव्हे, नुसती नितळ. ती आरशात बघून "ओके, धिस इज नाइस" म्हणाली आणि व्हायोलिन आणायला पळाली.

टॉवेल रिकामा झाला. काकू अजून सोफ्यावर बसलेल्याच होत्या, हात तेलाचे. काका उरलेल्या भाकरीकडे लक्ष ठेवून होते. मावशींनी बाळ माझ्याकडून घेतलं, माझ्या केसांकडे बघितलं आणि हनुवटीने टॉवेलकडे खूण करत मला विचारलं, आणि तू?

"आता काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

"विचारतायत," मी म्हटलं, "मला कधी लावणार."

काकूंचा चेहरा जरा पडला. त्यांनी हात टॉवेलच्या कडेला पुसायला घेतले. "त्यांना सांग, तिला नाही आवडत कुणी डोक्याला हात लावलेला. नीट सांग हं, नाहीतर त्यांना वाटेल मीच लावत नाही."

तेच वाक्य. फक्त यावेळी ते मला बोलायचं होतं, माझ्याबद्दल, माझ्याच तोंडाने. सगळे शब्द मला येत होते. आवडणं, हात लावणं, डोकं: अकरावीच्या पहिल्या सहामाहीतले शब्द. वाक्य डोक्यात तयारही झालं, क्रियापदासकट, अगदी बरोबर. मावशी वाट बघत होत्या. काकू हात पुसत होत्या, आणि पुसायला आता फारसं तेल उरलं नव्हतं.

ते वाक्य मी मनातच ठेवलं. जाऊन टॉवेलवर बसले, काकूंच्या गुडघ्यांच्या मधे, पाठ त्यांच्याकडे, तोंड बंद टीव्हीकडे. असं बसलं की मला बोलता येतं. मागे काकूंचं हात पुसणं थांबलं. मी केसांचं रबर काढून मनगटात घातलं.

"काकू," मी म्हटलं, "मला आवडतं. तेव्हा मी नको म्हटलं ना, तर तुम्ही अजून दोनदा विचारायचं असतं."